उभ्या गाडीचं पेट्रोल

माझ्या नातीच्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे एक छोटा पडदा आहे आणि गाडी लिटरला किती चालते आहे तो आकडा त्यावर सारखा हलत असतो. नात त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मी शेजारी बसून दुसरं काहीच बघत नाही. सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं की आकडा हळूहळू उतरू लागतो आणि मी सेकंद मोजू लागते. परवा न राहवून म्हटलं, "अगं, बंद कर ना." ती म्हणाली, "आजी, चाळीसच सेकंद आहेत." चाळीस सेकंद म्हणे. आमच्या घरात याच गोष्टीवरून एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती आणि दुसऱ्या एका माणसानं ताटात अन्न टाकलं होतं. आता हे तिला सिग्नल सुटायच्या आत कसं सांगणार? म्हणून लिहून ठेवते आहे.

आमच्याकडे सकाळ कोंबड्यानं होत नसे, गाडीनं होई. बिबवेवाडीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. आमचं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे शहाबादी फरशीचं अंगण असलेलं बैठं घर होतं. सहाला बाबा अंगणात जायचे. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. मग आत बसून चोक पूर्ण ओढायचे आणि चावी फिरवायचे. गाडी तीनदा खोकायची, चौथ्यांदा धरायची, आणि मग चांगली पंधरा-वीस मिनिटं जागच्या जागी थरथरत उभी राहायची. बाबा मधूनमधून ॲक्सिलरेटर दाबून तिला गुरगुरायला लावायचे. सगळं घर त्या आवाजावर चालायचं. पहिल्या खोकल्याला आई चहाचं आधण ठेवायची. गाडीनं धरलं की ताई उठून पायाचे पट्टे बांधायला घ्यायची. मी त्या आवाजात आणखी दहा मिनिटं झोपायची, आणि ती झोप रात्रीच्या झोपेपेक्षा गोड लागायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर आत यायचा. त्या दिवसांतला चहा आठवला की मला आलं आठवत नाही, धूर आठवतो.

बाबा एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथे केसभर रेघ चुकली तर पूर्ण कागद फाडणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. ही छोटी गाडी त्यांच्या साहेबांची. साहेब पुणं सोडून गेले तेव्हा त्यांनी ती बाबांना स्वस्तात दिली आणि देताना एक सांगितलं, की इंजिन नीट तापल्याशिवाय हिला हलवायचं नाही. बाबांनी ते मंत्रासारखं धरलं. पुढे ते निवृत्त झाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले, बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा आला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. मी नुकतीच बी.ए.ची परीक्षा देऊन घरी बसले होते. त्यांनीच मला शिकवून लायसन काढून दिलं. गाडी चालवायचं माझ्याकडे आलं, तापवायचं त्यांच्याकडे राहिलं.

आणि गाडी होती ताईसाठी, माझ्या विमलताईसाठी. ताईचा डावा पाय लहानपणच्या तापात गेला. गुडघ्याच्या वरपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे बांधून ती चालायची, आणि चालायची म्हणजे कुणी हात पुढे केला तर त्या हाताकडे असं बघायची की तो आपोआप मागे जाई. हडपसरच्या एका शाळेत तिला सकाळच्या सत्राची नोकरी लागली होती. जूनमध्ये तिला कायम करायचं की नाही ते ठरायचं होतं आणि मुख्याध्यापिकांनी स्वच्छ सांगितलं होतं, की तोवर एकही दिवस उशीर चालणार नाही. सुरुवातीला ताई बसनं गेली होती. स्वारगेटला बस बदलताना तिचा एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर असताना कंडक्टरनं घंटी मारली. ती पडली, उठली, फाटलेलं पातळ पिनांनी जोडून तशीच शाळेत गेली आणि आम्हाला दुपारी घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू झाली. आमच्या गल्लीत ती "ती लंगडी" होती. हडपसरात ती "बाई" होती. वर्गात शिरताना साठ पोरं उभी राहायची. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही वह्या तपासता तपासता, मान वर न करता.

अशात पेट्रोल महागलं. थोडंथोडकं नाही, लोकांनी गाड्या झाकून ठेवल्या इतकं. बाबांनी आठवडाभर कागदावर काहीतरी केलं आणि एके दिवशी जेवताना पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "गाडी अकरा देते. लिटरला अकरा. हे परवडत नाही. विमलचा निम्मा पगार हिच्या टाकीत जातो. चौदा दिले तर ठेवू. नाहीतर पाडव्याला देऊन टाकू." गिऱ्हाईकही तयार होतं. मागच्या गल्लीतला एक कंत्राटदार येऊन टायरला लाथ मारून गेला होता. गाडी गेली की ताईची नोकरी जाणार हे कुणीही बोललं नाही, कारण ते सगळ्यांनाच माहीत होतं. ताईनं शांतपणे आमटी वाढून घेतली आणि म्हणाली, "चौदा म्हणजे किती जास्त हवेत? तीनच ना?" तेवढंच. पण त्या रात्री पट्टे सोडताना तिला बकल सुटेना, शेवटी मी काढून दिलं, आणि तिनं काढू दिलं. त्यानं मी जास्त घाबरले.

तिला सोडून घरी परत येणं म्हणजे पेट्रोल दुप्पट, म्हणून शाळा सुटेपर्यंत मी हडपसरलाच थांबायची. शाळेच्या मागे निवृत्ती मिस्त्रींची शेड होती. मिस्त्री मूळचे तिथलेच शेतकरी. शेडच्या एका अंगाला त्यांचा गोठा होता आणि ते गाडीखाली आणि गायीखाली सारख्याच सहजतेनं बसायचे. पोरीनं गाडी चालवावी याचं पहिले दोन दिवस त्यांना हसू आलं, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाना दिला. "नुसती बसू नगंस, धर." मी चौदाचं सांगितल्यावर ते गंभीर झाले. आम्ही कामाला लागलो. हवेचा फिल्टर झटकला. चाकांत हवा बरोबर भरली. डिकीतून जुनी सतरंजी, विटा आणि बाबांनी कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले लोखंडी गज काढले. पाय हलका ठेवायला शिकले. पुढे म्हशी दिसल्या की ब्रेकवर जायच्या आधीच पाय उचलायचा. मिस्त्री म्हणत, ब्रेक मारला म्हंजी पेट्रोल रस्त्यावर सांडलं. एवढं करून आकडा साडेअकरावर गेला आणि तिथे रुतून बसला. पाडवा महिन्यावर आला होता.

मग मी एक मूर्खपणा केला, तो सांगितलाच पाहिजे. बिबवेवाडीहून स्वारगेटकडे येताना उतार लागतो. तिथे न्यूट्रल करून इंजिनच बंद करायचं आणि गाडी फुकट घरंगळू द्यायची, असं मी ठरवलं. पहिले चार दिवस मजा आली. नुसता चाकांचा आवाज आणि वारा. ताईला वाटलं गाडी सुधारली. पाचव्या दिवशी खाली वळणावर एक माणूस सायकलला दुधाच्या दोन किटल्या लावून आडवा आला. मी ब्रेक दाबला. गाडी गिअरमध्ये असती तर इंजिननं धरली असती, इथे सगळा भार एका ब्रेकवर आला आणि ती घसरतच राहिली. मी चावी फिरवली, इंजिन धरेना. हॉर्न दाबला. त्या माणसानं सायकल टाकली आणि बाजूला उडी मारली. आमचा बंपर किटलीला टेकला आणि गाडी थांबली. दूध रस्त्यावरून पांढरं वाहत गेलं. तो माणूस शिव्या द्यायला तोंड उघडून तसाच राहिला, कारण मागच्या दारातून ताई लोखंडी पाय खाली ठेवत उतरली होती. तिनं त्याची क्षमा मागितली, दुधाचे पैसे दिले, पुन्हा आत बसली आणि गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "नले, मला शाळेत जायचंय. वर नाही. पुन्हा इंजिन बंद केलंस तर मी उतरून चालत जाईन." ती खरंच गेली असती.

त्याच दिवशी मी मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी प्लग काढले, हातावर घेतले आणि मला दाखवले. काजळीनं काळेकुट्ट. मग मागच्या धुराच्या नळीत बोट घालून फिरवलं, तेही काळं. "आठ दिसापल्याड पुसलं हुतं आपण," ते म्हणाले. "पोरी, ही गाडी सुरू करून उभी किती वेळ ठिवता?"

"पंधरा मिनिटं. कधी वीस."

"चोक वढून?"

"हो. बाबा तापवतात."

त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "मग हिला काय बी झालं न्हाय. चालताना न्हाय खात ही, उभी राहून खाती. चोक वढला की पेट्रोल जास्तच जातं, रोज अर्धा लिटर तुमच्या अंगणातच जळतंय बघ. सुरू करायची, अर्धा मिनिट थांबायचं, आन् हळूहळू न्यायची. चालता चालता तापती की ती. चोक आत सारत जायचा. चौदा काय, त्याच्या आसपास देतीच."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी घाबरले. हे बाबांना सांगणार कोण? ते ओरडणारे नव्हते. ओरडणाऱ्याचं एक बरं असतं, ओरडून झालं की संपतं. बाबा गप्प बसत. एकदा आईच्या भावानं त्यांच्या कुठल्याशा हिशेबात चूक काढली होती, तर ते चार महिने त्याच्याशी "या" आणि "बसा" याच्यापुढे बोलले नव्हते. तरी मी एकदा प्रयत्न केला. सकाळी अंगणात जाऊन म्हटलं, "बाबा, आज जरा लवकर निघू का? फार तापवायला नको." त्यांनी जाड भिंगांमागून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घाई असेल तर बस आहे." झालं. आईला सांगितलं तर तिनं पोळीवरचं लाटणं थांबवलं. "खरं असेल तुझ्या मिस्त्रींचं. पण नलू, ऑफिस गेलं, डोळे गेले, गाडी चालवणंही गेलं. सकाळची ती पंधरा मिनिटं तेवढी राहिली आहेत. ती कशी काढून घेऊ?" आणि लाटणं पुन्हा फिरू लागलं. तिचंही खरं होतं. आज मी बाबांच्या त्या वयापेक्षा मोठी आहे आणि माझ्या हातून एकेक काम मुलं प्रेमानं काढून घेतात तेव्हा आईचं ते थांबलेलं लाटणं मला दिसतं.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी परीक्षा जाहीर केली. सोमवारी सकाळी टाकी काठोकाठ भरायची, शनिवारी दुपारी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची, आणि जेवढं मावेल त्यानं आठवड्याचं अंतर भागायचं. शनिवारी ते स्वतः पंपावर उभे राहणार होते. मी मनाशी गणित केलं. खरा आकडा साडेअकरा येणार. गुपचूप दोन लिटर टाकीत गेले तर पावणेचौदा, म्हणजे चौदाच. फार नाही, थोडंही नाही. मी मिस्त्रींकडे पेट्रोलचा डबा मागितला. त्यांनी दिला, पण माझ्या हातात देताना सोडला नाही. "हे बरं न्हाय, पोरी. तोंडानं सांगायचं काम डब्यानं हुत न्हाय." मी डबा ओढून घेतला आणि बुधवारी शेडच्या मागे टाकीत रिकामा केला. हात साबणानं तीनदा धुतले.

गुरुवारी जेवताना बाबांनी पोळीचा तुकडा मोडला, नाकाजवळ नेला आणि थांबले. आम्ही तिघी थांबलो. "ही पोळी लिटरला किती देते?" त्यांनी विचारलं. माझ्या हाताला वास राहिला असणार आणि कणीक मी मळली नसली तरी पोळ्यांचा डबा मी उघडला होता, असं काहीतरी मी भराभर मनात जुळवत होते. आई म्हणाली, "अहो, स्टोव्ह पेटवताना हात लागला असेल." बाबा म्हणाले, "स्टोव्हला रॉकेल घालतात असं ऐकून होतो," आणि ती पोळी खाल्ली. दुसरीही घेतली. मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मी माझ्याच पापात इतकी गुंतले होते की दुसऱ्या कुणाच्या पापाला जागाच नव्हती.

शनिवारी ताईला शाळेतून घेऊन मी स्वारगेटजवळच्या पंपावर आले तेव्हा बाबा आधीच येऊन उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात छत्री, उन्हात. पंपवाल्यानं नळी घातली. बाबांनी चष्मा वर करून डोळे पंपाच्या काट्याला जवळजवळ टेकवले. मी मनात मोजत होते. साडेदहा लिटरला थांबायला हवं. सात झाले, आठ झाले, आणि साडेआठला टाकीच्या तोंडातून पेट्रोल बाहेर आलं. बाबा म्हणाले, "हवा अडकली असेल." त्यांनी स्वतः गाडीला मागून हात लावून गदागदा हलवलं. पंपवाल्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा बाहेर आलं. ताई मागच्या सीटवर ताठ बसून होती, तिच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा होता आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, कागदावर भागाकार केला, पुन्हा केला. मग कागद घडी करून खिशात घातला.

"सतरा," ते म्हणाले.

ताईचा चेहरा उजळला. मी तो बघितला आणि मला रडू आलं, कारण हे खरं असणं शक्य नव्हतं. माझे दोनच लिटर होते. घरापर्यंत बाबा माझ्या शेजारी बसून समोर बघत होते. उताराचा आता चढ झाला होता आणि गाडी गिअर बदलायला मागत होती, मी बदलायला विसरत होते. त्यांनी एकदाही चूक काढली नाही. त्या एवढ्याशा प्रवासाइतका लांब प्रवास मी पुढे कधी केला नाही.

आईनं चकोल्या केल्या होत्या, वर तुपाची धार. आम्ही बसलो. बाबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग अगदी हलक्या आवाजात बोलले. "साहेबांनी ही गाडी नवी कोरी आणली तेव्हा पंधरा देत होती. आज सतरा देते. पेट्रोल चोरणारे पुष्कळ पाहिले. चोरून ओतणारे आपल्याच घरात निघावेत." ते माझ्याकडे वळले. "तुझं किती?"

"दोन लिटर," मी म्हणाले.

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं पदर पुढे घेतला. "माझेही दोनच," ती म्हणाली. "शेजारच्या स्कूटरवाल्या भाऊजींकडून. स्टोव्हच्या नरसाळ्यानं ओतलं."

मला आधी हसूच फुटणार होतं. पण ताईनं चमचा खाली ठेवला. "माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मला विचारलंत तरी का? मी पडते, उठते, ते माझं आहे. असं चोरून भरलेल्या गाडीतून मी बाई म्हणून वर्गात जाऊ? सोमवारपासून मी बसनं जाईन. बाबा, तुम्ही गाडी देऊन टाका."

आणि तिथे माझा तोल सुटला. मी कुणावर रागावले होते कोण जाणे, स्वतःवरच असेन. "बाबा, गाडी चालताना पेट्रोल खात नाही. तुम्ही तापवता तेव्हा खाते. रोज अर्धा लिटर अंगणात जळतं. मिस्त्रींनी प्लग काढून दाखवले. तुम्ही तापवणं सोडलंत तर ताईला बस लागणार नाही, डबा लागणार नाही, काही लागणार नाही."

स्टोव्ह चालू होता. त्याचा फरफर आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. आईनं उठून तो बंद केला, मग तेही उरलं नाही.

"मिस्त्रींनी कधी सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"तुला माहीत होतं?" हे आईला. आईनं चकोल्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

मला वाटलं आता बाबा मिस्त्रींना अडाणी म्हणतील, साहेबांचं नाव काढतील. ते म्हणाले, "म्हणजे या घरात मला एक गोष्ट सांगण्यापेक्षा टाकीत पेट्रोल ओतणं सोपं झालं." मग उठले आणि हात धुवायला गेले. ताटात चकोल्या तशाच होत्या. आयुष्यभर भाताचं शीत टाकलं नव्हतं त्या माणसानं. त्यांनी मारलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

रविवार कसा गेला ते सांगता येणार नाही, कारण काहीच झालं नाही. बाबांनी वर्तमानपत्राचं एकच पान दिवसभर वाचलं. ताईनं बसच्या वेळा विचारून आणल्या, माळ्यावरची जुनी काठी काढून तिच्या टोकाला नवं रबर बसवलं आणि पातळाला इस्त्री केली. मी तिच्याशी बोलायला गेले तर म्हणाली, "इस्त्री गरम आहे, लांब उभी राहा." आई दिवसभर स्वयंपाकघरात होती आणि स्वयंपाक मात्र खिचडीचाच झाला.

सोमवारी मला जाग आली ती उन्हानं. उठून बसले आणि काय चुकतंय ते कळेना. मग कळलं, आवाज नव्हता. शेजारी आई गाढ झोपली होती. लग्नानंतर ती पहिल्यांदाच आधणाची वेळ चुकली असेल. घड्याळात साडेसहा वाजून गेले होते. ताईचं अंथरूण घडी केलेलं होतं. ती बसला गेली असणार म्हणून मी धावत पुढच्या खोलीत आले आणि खिडकीपाशी थांबले. बाबा गाडीत बसले होते. चालकाच्या जागी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. शेजारचं दार उघडं होतं आणि आत ताई बसली होती, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून. नंतर ताईनं सांगितलं, की ती अंगण ओलांडून चालली होती तेव्हा बाबांनी आतून वाकून दार उघडलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं बस. बोलायचं आहे. मी ऐकणार आहे." काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला खिडकीतून एवढं दिसलं की ताई बोलते आहे, हात हलवून बोलते आहे, आणि बाबा मान हलवताहेत.

मी बाहेर आले तशी ते उतरले. सवयीनं त्यांचा हात बॉनेटवर गेला, मग त्यांनी तो उचलून खिशात घातला आणि दुसऱ्या खिशातून चावी काढून मला दिली. "थंड आहे," ते म्हणाले. "तशीच ने."

ताई उठून मागच्या सीटवर बसली आणि मी चोक ओढला. गाडी खोकली आणि धरली. अर्धा मिनिट मोजलं. हलवली तर तिनं असे आचके दिले की फाटकातच बंद पडली. पुन्हा सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा बंद. आरशात बाबा दिसत होते, लेंग्यावर, पायात चप्पल नाही, गाडीमागून रस्त्यावर चालत आलेले. मागे ताई म्हणाली, "सात वाजलेत." मी मिस्त्रींचं आठवलं, पाय हलका ठेवला, चोक बोटभर आत सारला, मग आणखी थोडा. स्वारगेट येईपर्यंत गाडी सुतासारखी सरळ झाली होती. शाळेची घंटा आम्ही फाटकातून ऐकली. ताई कधी पळत नसे. त्या दिवशी ती जे चालली त्याला दुसरा शब्द नाही. घंटा थांबायच्या आत ती पायऱ्या चढून गेली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा पंपावर. बाबांनी पुन्हा काट्याला डोळे लावले, पुन्हा दोनदा भागाकार केला. चौदा नव्हते. मला त्यांच्या खांद्यावरून आकडा दिसला. त्यांनी कागदाची घडी घातली.

"साडेतेरा," ते म्हणाले. मग ताईकडे बघून, "उरलेला अर्धा माझ्याकडे लागला."

पाडवा होऊन गेला होता, त्यामुळे कंत्राटदार दोन दिवसांनी स्वतःच पेढ्यांचा पुडा घेऊन आला. बाबांनी पुडा हातात घेतला आणि म्हणाले, "पेढे ठेवतो. गाडी राहू द्या." जूनमध्ये ताई कायम झाली. त्याच शाळेतून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि तिनं स्वतः उशिरा येणाऱ्या एकाही शिक्षिकेला कधी सोडलं नाही, असं मी ऐकलं आहे.

आणि बाबा रोज सहाला अंगणात जायचे ते जातच राहिले. चावी घरात खिळ्याला असायची. ते चहाचा कप घेऊन गाडीत बसायचे आणि शेजारचं दार आतून उघडून ठेवायचे. कुणाला काही सांगायचं असलं की त्या वेळी तिथे जाऊन बसायचं, असं आपोआपच पडून गेलं. आई भावाकडे जायचं म्हणायची ते तिथेच. ताईची पगारवाढ तिथेच. मी लग्न ठरवलं, ते आमच्या जातीतलं नव्हतं आणि ते मी सहा महिने लपवलं होतं. एका सकाळी जाऊन बसले, दार ओढून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. बाबांच्या हातातला चहा तोवर गार झाला होता.

"किती दिवसांचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे सुधारणा आहे," ते म्हणाले. "या खेपेला डबा नाही आणलास."